जनुक पेशीत घालतात म्हणजे काय करतात?

कोविशील्ड लस घेतल्यामुळे आपली जनुके बदलली का, हा प्रश्न मला २०२१ पासून आजतागायत विचारला जात आहे. विचारणारी माणसे अडाणी असतात असे मुळीच नाही. गेल्या महिन्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी या सदरासाठी चार पानी पत्र पाठवले. त्यात हाच प्रश्न होता आणि खाली ता. क. म्हणून आणखी एक होता : "हल्ली जीन थेरपी, जीन थेरपी असे फार ऐकू येते. ती इंजेक्शनने देतात की ऑपरेशनने?" गुरुजींचे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. बाहेरचे जनुक माणसाच्या पेशीत शिरते कसे, शिरल्यावर तेथे काय करते आणि त्याला आवर कोण घालतो, एवढे समजले की दोन्हींची उत्तरे मिळतात.

हा विषय आज घेण्याला दुसरेही कारण आहे. आपल्याच किनाऱ्यावरील एक बागाईतदार मुलासाठी 'जीनचे इंजेक्शन' घ्यावे का, हे विचारायला दवाखान्यात आले होते. मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. "डॉक्टर, वाडी विकली तर निदान पोरगं तरी बरं होईल का?" असे त्यांनी सरळ विचारले. नारळी-पोफळीची ती वाडी त्यांच्या आजोबांनी लावलेली. त्यांना मी काय सांगितले ते पुढे येईलच; पण ते पटण्यासाठी आधी थोडी बाराखडी गिरवावी लागेल. वाचकांनी कंटाळू नये.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डी.एन.ए. नावाचा अतिशय बारीक धागा असतो. एका पेशीतील सगळा धागा सरळ केला तर तो सहा फुटांहून लांब भरेल. तो ४६ तुकड्यांत, म्हणजे गुणसूत्रांत, गुंडाळून ठेवलेला असतो. निम्मे तुकडे आईकडचे, निम्मे वडिलांकडचे. ज्यांनी टेपरेकॉर्डर वापरला आहे त्यांनी हा धागा म्हणजे कॅसेटमधली फीत समजावी. फितीवर जशी गाणी, तशी धाग्यावर जनुके. एक जनुक म्हणजे साधारणपणे एक प्रथिन बनवण्याची कृती. माणसाच्या फितीवर अशी सुमारे वीस हजार गाणी आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांनी व्यापलेली जागा दोन टक्क्यांच्या आसपासच आहे. उरलेल्या फितीचा बराच भाग कशासाठी, यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत. परंतु त्यात गाणी चालू-बंद करणारी बटणे आहेत हे निश्चित.

आता खरा मुद्दा. डोळ्यातील पेशी, यकृतातील पेशी आणि टाचेच्या कातडीतील पेशी यांच्यात कॅसेट एकच असते. इन्सुलिनचे जनुक डोळ्यातही आहे आणि टाचेतही आहे, पण इन्सुलिन तयार होते ते फक्त स्वादुपिंडात. म्हणजे फरक कॅसेटचा नाही, कोणते गाणे कोठे वाजवायचे याचा आहे. या दृष्टीने जनुकांचे ढोबळ दोन गट पडतात. काही जनुके घरकामाची : साखर जाळून शक्ती मिळवणे, मोडलेले दुरुस्त करणे अशी कामे प्रत्येक पेशीला रोजची असल्याने ती सगळीकडे चालू असतात. दुसरी खास कामाची : ती ठरावीक पेशीत, ठरावीक वयात किंवा ठरावीक प्रसंगीच चालू होतात. फीत रिळावर घट्ट गुंडाळून ठेवली की तेवढ्या भागातली गाणी वाजत नाहीत. सैल सोडली की वाजू शकतात. शिवाय काही प्रथिने त्या बटणांवर जाऊन बसतात, त्यांतली काही बटण दाबतात आणि काही दाबू देत नाहीत.

हे चालू-बंदचे शास्त्र प्रथम नीट उलगडले ते माणसात नव्हे तर आतड्यातल्या जंतूत. फ्रान्समधील जाकोब आणि मोनो या दोन शास्त्रज्ञांनी १९६१ साली दाखवून दिले की, समोर दुधातली साखर आली की हा जंतू ती पचवणारी जनुके चालू करतो आणि साखर संपली की बंद करतो. १९६५ साली त्यांना त्यांचे सहकारी ल्वॉफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडेही दुधाचेच उदाहरण आहे. तान्ह्या मुलाला दूध पचते, पण मोठेपणी कित्येकांना कपभर दुधाने पोट फुगते, जुलाब होतात. अशा लोकांचे दूध पचवण्याचे जनुक बिघडलेले नसते. बाळपण संपल्यावर त्याचे बटण हळूहळू मंद होते, इतकेच. ज्यांना म्हातारपणीही तांब्याभर दूध पचते त्यांच्या बटणात पिढ्यान्पिढ्यांपूर्वी एक बारीकसा फरक झालेला असतो. तेव्हा दूध न पचणाऱ्याला "नखरे करतो" म्हणून बोलणे आजींनी सोडून द्यावे.

असेच दुसरे बटण रक्तात आहे आणि बागाईतदारांच्या मुलाचा प्रश्न तेथेच येऊन थांबतो. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यायचा असतो, म्हणून त्याचे हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचे असते. त्याचे जनुकही वेगळे. जन्मानंतर ते गर्भावस्थेतले जनुक हळूहळू बंद होते आणि मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनचे जनुक, ज्याला बीटा जनुक म्हणतात, ते जोर धरते. साधारण सहा महिन्यांत ही अदलाबदल बहुतांशी पुरी होते. ज्या बाळाला आईकडून आणि वडिलांकडून अशी दोन्ही बीटा जनुके सदोष मिळाली आहेत ते जन्मतः गुटगुटीत असते, कारण तोपर्यंत गर्भावस्थेतले जनुक काम करीत असते. ते बंद झाले की मूल फिकट पडू लागते, खात नाही, प्लीहा वाढून पोट मोठे दिसते. हा थॅलेसेमिया मेजर. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त, आणि त्या रक्तातून साठणारे लोह काढण्यासाठी रोज औषध. त्या मुलाची आई मला म्हणाली, "सहा महिने आमचं बाळ कसं टुकटुकीत होतं, मग दृष्ट लागली." दृष्ट लागली नव्हती. जे बटण बंद व्हायचे ते सगळ्यांचेच बंद होते. या मुलाच्या बाबतीत पुढचे गाणे वाजलेच नाही.

साहजिकच शास्त्रज्ञांनी दोन वाटा काढल्या. एक, चांगले बीटा जनुक बाहेरून पेशीत नेऊन घालायचे. दुसरी, गर्भावस्थेतले बंद झालेले जनुक पुन्हा चालू करायचे. दोन्ही वाटांनी जायचे तर आधी पेशीच्या आत शिरले पाहिजे, आणि सगळी अडचण तेथेच आहे.

पेशी म्हणजे छोटा जंजिराच. भोवती तट, आणि दरवाजा असा की होडी अगदी जवळ गेल्याखेरीज दिसत नाही. नुसते डी.एन.ए. रक्तात सोडले तर त्याचे वाटेतच तुकडे होतात. या किल्ल्यात हमखास शिरण्याची विद्या निसर्गात एकालाच साधली आहे, ती म्हणजे विषाणूला. प्रत्येक विषाणूकडे ठरावीक पेशींच्या दरवाजाची किल्ली असते : सर्दीचा नाकाघशात शिरतो, काविळीचा यकृतात, एच.आय.व्ही. पांढऱ्या पेशींत. आत शिरून तो स्वतःची जनुके सोडतो आणि पेशीकडून आपल्या नकला काढून घेतो. शास्त्रज्ञांनी विचार केला की विषाणूच्या आतले रोग करणारे सामान काढून टाकावे, त्या जागी आपल्याला हवे ते जनुक भरावे आणि टपालवाल्यासारखे त्यालाच पाठवावे. टपालवाला तोच, थैलीतले पत्र मात्र आपले.

येथे गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येते. १६ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात दिल्या गेलेल्या लसींपैकी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोविशील्ड ही अशीच टपालाने पाठवलेली लस होती. तिच्यातला विषाणू चिंपांझीला होणाऱ्या सर्दीचा. तो आपल्या शरीरात वाढू शकणार नाही असा बदल त्यात केलेला होता. त्याच्या थैलीत करोनाच्या काट्याचे जनुक होते. म्हणजे ज्यांनी कोविशील्ड घेतली त्यांच्या दंडातल्या काही पेशींत बाहेरचे जनुक गेले, हे अक्षरशः खरे आहे. पण ते आपल्या फितीत जोडले गेले नाही. जोडण्याची यंत्रणाच त्या विषाणूकडे नाही. वेगळी छोटी कॅसेट काही दिवस वाजली, त्यातून निघालेले प्रथिन पाहून शरीराने लढायची तयारी केली, आणि त्या पेशीही पुढे शरीरानेच मोडीत काढल्या. मुलाबाळांकडे त्यातले काही जात नाही. कोव्हॅक्सिन ही तर मारलेल्या विषाणूची जुन्या पद्धतीची लस होती, तिला हा प्रश्न लागूच नाही. पुण्याच्याच जिनोव्हा कंपनीच्या लसीला २०२२ साली तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, तिच्यात एम-आर.एन.ए. होता. तो केंद्रकात शिरतच नाही आणि काही दिवसांत विरघळून जातो. कोविशील्डमुळे रक्तात गुठळी होण्याचा एक अतिशय विरळ दुष्परिणाम झाला, हे खरे आहे व ते लपवण्याचे कारण नाही. परंतु त्याचा जनुके बदलण्याशी संबंध नाही.

दुसऱ्या एका टपालवाल्याचे नाव वाचकांनी पैशांच्या आकड्यामुळे ऐकले असेल. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईतील एका बाळासाठी सोळा कोटी रुपयांचे इंजेक्शन लोकवर्गणीतून आणले गेले आणि केंद्र सरकारने त्यावरचा सुमारे सहा कोटींचा कर माफ केला. ते औषध म्हणजे झोलजेन्स्मा. पाठीच्या कण्यातील मज्जापेशी मरत जाणाऱ्या एका आनुवंशिक रोगावर, एका निरुपद्रवी विषाणूच्या थैलीतून, चांगले जनुक शिरेवाटे एकदाच देतात. म्हणजे गुरुजी, काही जीन थेरपी इंजेक्शननेच देतात. येथेही जनुक मुख्यतः वेगळ्या कॅसेटसारखेच राहते. पण मज्जापेशी विभागत नसल्याने ती कॅसेट आत टिकून राहते.

रक्ताचे तसे नाही. रक्ताच्या मूळ पेशी आयुष्यभर विभागत असतात, आणि सुटी कॅसेट काही प्रत्येक लेकीपेशीला मिळत नाही. तेथे गाणे मूळ फितीतच जोडावे लागते. हे काम करणारा टपालवाला एच.आय.व्ही.च्या कुळातला आहे! दचकू नका. रोग पसरवणारा भाग काढून टाकलेला, दात पाडलेला नाग तो. त्याची एकच खोड ठेवलेली असते, ती म्हणजे आपले जनुक पेशीच्या फितीत शिवून टाकण्याची.

या पद्धतीचा भारतातला पहिला मोठा प्रयोग कोठे झाला असेल? आपल्या रायगड जिल्ह्यात. मुंबईचे पेपर "मुंबईत झाला" असे छापतात, पण खारघर हे पनवेल तालुक्यात आहे आणि टाटा मेमोरियलचे ॲक्ट्रेक हे केंद्र तेथेच आहे. ४ जून २०२१ रोजी तेथे देशातला पहिला कार-टी उपचार देण्यात आला. पवईच्या आय.आय.टी.तील डॉ. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून हे तंत्र उभे केले. रुग्णाच्या रक्तातून टी नावाच्या पांढऱ्या पेशी यंत्राने वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत त्यांच्यात त्या नागाकरवी एक नवे जनुक घालतात. त्यामुळे त्या पेशींवर एक आकडा उगवतो आणि विशिष्ट जातीची कॅन्सरची पेशी दिसली की तो तिला अडकवतो. या पेशी वाढवून, रक्ताची बाटली लावावी तशा रुग्णाला परत देतात. म्हणजे येथे इंजेक्शन पेशीला, सलाईन माणसाला आणि ऑपरेशन कोणालाच नाही. नेक्स-कार-१९ या नावाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आय.आय.टी.त त्याचे लोकार्पण केले. परदेशात याच जातीच्या उपचाराला तीन-चार कोटी पडतात. येथे सुरुवातीची किंमत चाळीस लाखांच्या आसपास होती. चौसष्ट रुग्णांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला, त्यात निष्कर्ष काढता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना गुण आला. पण हा उपचार सर्व कॅन्सरवर नाही. बी पेशींच्या ठरावीक रक्त-कॅन्सरवर, तोही नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या किंवा उलटलेल्या, एवढ्यापुरताच आहे. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरसाठी कोणी हे नाव सांगून पैसे मागू लागला तर त्याला दाराबाहेर उभे करावे.

आता यातला धोका. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत जनुक नेणाऱ्या विषाणूचा मोठा डोस दिल्यानंतर शरीर खवळून उठले आणि एक अठरा वर्षांचा तरुण दगावला. २००२ साली फ्रान्समध्ये त्याहून बोधप्रद प्रकार झाला. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांच्या मूळ पेशींत चांगले जनुक जोडले. मुले बरी होऊन घरी गेली. पुढे त्यांतल्या काहींना रक्ताचा कॅन्सर झाला. जोडलेल्या तुकड्यासोबत विषाणूचे स्वतःचे एक दणकट बटण होते. तुकडा नेमका पेशींची वाढ करणाऱ्या एका जनुकाशेजारी जाऊन बसला आणि त्या बटणाने शेजारचे गाणेही पूर्ण आवाजात लावून दिले. गाणे चांगले होते, जोडण्याची जागा घातक ठरली. त्यानंतर टपालवाल्याचे स्वतःचे बटण निकामी करून, हव्या त्याच पेशीत वाजेल असे सौम्य बटण जनुकासोबत पाठवण्याची पद्धत आली. मी सुरुवातीला बटणांवर एवढे दळण दळले ते यासाठी.

थॅलेसेमियासाठी दुसरी वाट, म्हणजे बंद जनुक चालू करण्याची, आता मोकळी झाली आहे. गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनवर बी.सी.एल.-११-ए नावाचे प्रथिन पहारेकरी म्हणून बसलेले असते. रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढून, क्रिस्पर नावाच्या सूक्ष्म कात्रीने त्या पहारेकऱ्याचे बटण कापतात. पहारेकरी झोपतो आणि बाळपणीचे गाणे पुन्हा सुरू होते. कॅसजेव्ही या नावाने त्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटींहून अधिक. आपल्याकडे विदर्भ, नंदुरबार, पालघर भागात आढळणाऱ्या सिकल सेलसाठी दिल्लीच्या आय.जी.आय.बी. संस्थेने कात्रीचेच देशी तंत्र विकसित केले असून नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' नावाने ते जाहीर झाले व सिरमकडे सोपवण्यात आले. सिकल सेलच्या रुग्णांना वर्षानुवर्षे दिली जाणारी हायड्रॉक्सियुरिया ही स्वस्तातली कॅप्सूलही थोड्या प्रमाणात हेच करते, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते. तिच्या वाट्याला मथळे आले नाहीत.

बागाईतदारांनी माझ्यापुढे एका जाहिरातीचे कात्रण ठेवले होते. त्यात 'स्टेम सेल व जीन इंजेक्शनने थॅलेसेमिया कायमचा बरा' असे लिहिले होते. तीन इंजेक्शने, बारा लाख. मी त्यांना सांगितले, वाडी विकू नका. थॅलेसेमियाची खरी जीन थेरपी तीन इंजेक्शनांनी होतच नाही. आधी मुलाच्या मूळ पेशी काढाव्या लागतात, त्या बदलाव्या लागतात, मग तीव्र औषधांनी त्याची अस्थिमज्जा रिकामी करून त्या परत द्याव्या लागतात. काही आठवडे मोठ्या रुग्णालयात काढावे लागतात. मान्यता मिळाली तेव्हा ती बारा वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी होती, आणि त्यांचे पोर चार वर्षांचे आहे. रक्ताचे रोग वगळता इतरत्र स्टेम सेलचा सर्रास उपचार करू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात, आणि रक्ताच्या रोगातही तो उपचार म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण, दंडातले इंजेक्शन नव्हे.

तेच प्रत्यारोपण आज त्यांच्या आवाक्यातले आहे. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. त्यांना थोरली मुलगी आहे; तिची जुळणीची तपासणी झाली आहे, अहवाल यायचा आहे. मुंबई महापालिकेचे बोरिवली येथे थॅलेसेमियाच्या मुलांसाठी प्रत्यारोपणाचे केंद्र आहे. कोल इंडियाच्या मदतीने २०१७ पासून चालणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना पात्र मुलांना ठरावीक रुग्णालयांत दहा लाखांपर्यंत साहाय्य देते. अर्जाचे कागद जमवायला मी त्यांना सांगितले आहे. जुळले नाही तर रक्त आणि लोह काढण्याचे औषध नियमित चालू ठेवायचे. नीट उपचार घेणारी मुले आज शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. पुढची दहा वर्षे नव्या औषधांची वाट पाहण्याइतका वेळ त्याच्याकडे आहे.

बागाईतदारांच्या पत्नीला आता पुन्हा दिवस गेले आहेत, नववा आठवडा चालू आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली असा हिशोब नसतो. दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा बारीक तुकडा घेऊन गर्भाची तपासणी करता येते; त्यांना त्यासाठी मुंबईला पाठवले आहे.

वाहक माणसाला स्वतःला काही त्रास नसतो, म्हणून त्याचा पत्ता लागत नाही. दवाखान्यात एक खूण मात्र मिळते. हिमोग्लोबिन दहा-साडेदहा, तीन महिने लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही वाढत नाही, आणि रक्ताच्या साध्या तपासणीत एम.सी.व्ही.चा आकडा साठ-सत्तरच्या घरात, पण लाल पेशींची संख्या भरपूर. अशा वेळी आणखी गोळ्या न देता एच.पी.एल.सी. ही तपासणी करावी. तिच्यात हिमोग्लोबिन ए-२ साडेतीन टक्क्यांहून अधिक आले तर ती व्यक्ती बहुधा वाहक असते. अंगात लोह फार कमी असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून आधी लोह भरून काढून मग तपासणी केलेली बरी; मात्र दिवस गेलेले असतील तर थांबू नये, दोघांचीही लगेच करावी. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक आहे, पण आपल्या जातीत हे नसते असे कोणीही समजू नये. आमचे हे बागाईतदार त्यांतल्या कोणत्याच समाजाचे नाहीत. तपासणी शक्यतो लग्न ठरण्याआधी करावी. रक्त येथल्या लॅबमध्ये घेऊन नमुना मुंबईला पाठवता येतो. ती आयुष्यात एकदाच करावी लागते. अहवालाचा कागद जपून ठेवावा, आणि वाहक निघालात तर त्याची झेरॉक्स भावंडांना द्यावी.